डोळा कोणत्या झाडाचा?

मागच्या थंडीत आमच्या संत्र्याच्या नर्सरीत डोळे भरायचं, म्हणजे कलमा बांधायचं काम सुरू होतं. बाबा बाजेवर बसून होते आणि भाऊ डोळकाड्या कापून ओल्या पोत्यात गुंडाळून आणत होता. बाबांचा उजवा हात मांडीवर, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत, जसं कोणी बी चोळून पाहते तसं, पण बोटात काहीच नाही. डाव्या हातानं त्यांनी एक काडी उचलली, डोळ्याजवळ नेली, नखानं साल जराशी टोकरली आणि बाजूला टाकली. दुसरी घेतली, तीही टाकली. भाऊ म्हणाला, "बाबा, चांगली तं हाय ते." बाबांचा आवाज आता इतका बारीक झाला आहे की जवळ जाऊन ऐकावं लागते, ते म्हणाले, "पानसोटाची हाय. काटे पाय तिचे."

ज्यांना संत्र्याचं माहीत नाही त्यांना सांगते. आमचा वरूड, शेंदुरजना घाट हा सगळा पट्टा कलमांचा. जंबेरी या जाड सालीच्या लिंबाचं बी लावायचं, खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून वीतभर वर सालीला टी सारखा काप द्यायचा, आणि त्यात चांगल्या जुन्या संत्र्याच्या झाडाचा एकच डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब फुटायचा ठिपका, बसवून प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचा, बस एवढंच. पण डोळा फार कोवळा असला तर सुकून जाते, फार जून असला तर धड धरत नाही, आणि पानसोटावरचा, म्हणजे नुसत्या जोरात वाढणाऱ्या काटेरी फुटीवरचा, असला तर झाड तरारून वाढते पण काटेरी होते आणि फळावर यायला उशीर लावते. घेणाऱ्याला हे समजते कधी, तर चार-पाच वर्षांनी. तोवर त्याने पाणी दिलं, खत दिलं, फवारणी केली, सगळं झालेलं असते. म्हणून बाबा चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगत आले, कलम बांधणं कोणीही शिकते, डोळा निवडणं शिकायला लागते.

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. बाबांना पार्किन्सन आहे, सहा वर्षं झाली. पहिली खूण हात थरथरण्याची नव्हतीच, नर्सरीच्या वहीतली होती. कोणाला किती कलमा दिल्या ते बाबा स्वतः लिहायचे, ठळक टपोरं अक्षर, आणि ते अक्षर हळूहळू बारीक होत गेलं, ओळीच्या सुरुवातीला बरं आणि शेवटाकडे मुंगीएवढं. आम्ही चष्म्याचा नंबर बदलून आणला. मग उजवा खांदा जाम झाला म्हणून मालिश, शेक, इंजेक्शन झालं. दीड वर्षं अशी गेली. मी ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, मेंदूचं चित्र फळ्यावर काढते, आणि घरातल्या वहीतलं अक्षर मला वाचता आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटते.

आजार काय आहे ते साध्या शब्दात असं. मेंदूच्या मधल्या भागात सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक काळपट पट्टा असतो, तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि आपले लांब धागे पुटामेन नावाच्या भागापर्यंत नेऊन तिथे ते सोडतात. हालचाल सुरू करणं, मोठी करणं, थांबवणं, सगळं त्यावर चालते. या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरायला लागतो तोवर निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. लेव्होडोपाची गोळी मेंदूत जाऊन डोपामिन होते, म्हणून बाबांना गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासानं पाय मोकळे वाटतात, आणि पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. आजार वाढला की हे मधलं चांगलं अंतर कमी कमी होत जाते. (हाच लेव्होडोपा आपल्या कुंपणावरच्या खाजकुहिलीच्या बियात असतो आणि १९३७ मध्ये मद्रासच्या दोन संशोधकांनी तो त्या बियांतून वेगळा करून दाखवला होता, पण म्हणून कोणी घरी पावडर कुटून देऊ नका, एका चमच्यात औषध किती गेलं हे मोजता येत नाही आणि त्यात चालू गोळ्यांचा हिशोब बिघडतो.)

तर मागच्या दिवाळीत आमच्या नात्यातल्या एकानं एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकचा नंबर दिला. स्टेम सेलनं, म्हणजे जिच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशीनं, पार्किन्सन बरा करतात म्हणे. त्यांचा माणूस व्हिडिओ कॉलवर अगदी गोड बोलला. पोटाची चरबी काढायची, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या, सलाईनमधून द्यायच्या, चार वेळा यावं लागेल, साडेतीन लाख. माय लगेच म्हणाली, आंबिया बहाराचा सौदा झाला की देऊन टाकू, माझी पोत मोडू. मी विचारलं, सर, या पेशी मेंदूत जाऊन डोपामिनच्या पेशी कशा होतील? तो म्हणाला, मॅडम स्टेम सेल म्हणजे मास्टर सेल असते, जिथे बिघाड आहे तिथे ती स्वतःहून जाते. मी म्हटलं, कोणत्या पेशी, किती दिवसांच्या, देण्याआधी कशाची तपासणी करता? त्यावर तो म्हणाला की हे टेक्निकल आहे, तुम्ही आधी टोकन भरा, डॉक्टर सांगतील.

बाबा बाजूलाच ऐकून राहिले होते. कॉल संपल्यावर म्हणाले, "कोन्या झाडाचा डोळा हाय थेच सांगत नाही न तो. मंग कलम कायले घ्याची?"

मला हे वाक्य इतकं लागलं की त्या रात्रीपासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचायला लागले, आणि खरंच, गेल्या चाळीस वर्षांत मेंदूत पेशी लावण्याचा जो प्रवास झाला तो सगळा याच एका प्रश्नाचा आहे. सुई, भोक, ऑपरेशन हे केव्हाच जमलं होतं. लावायची पेशी कोणती, ती कोणत्या वयाची घ्यायची, आणि तिच्यासोबत नको त्या कोणत्या येतात, अडचण तिथे होती.

सुरुवात झाली १९८२ मध्ये स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये. किडनीवर टोपीसारखी ॲड्रिनल ग्रंथी असते, तिच्या आतल्या भागात थोडं डोपामिन बनते, तर रुग्णाचीच ग्रंथी काढून मेंदूत लावली. आपलीच पेशी, म्हणजे शरीर नाकारणार नाही, विचार चांगला होता. १९८७ मध्ये मेक्सिकोतून फार चांगल्या निकालांची बातमी आली आणि मग अमेरिकेत वगैरे अशी ऑपरेशनं भराभर झाली. पण त्या पेशी मेंदूत फारशा टिकतच नव्हत्या. फायदा विरून गेला आणि लोकांना ऑपरेशनचा त्रास तेवढा राहिला. डोपामिन बनवते एवढ्यावर पेशी निवडली, पण ती मेंदूची नव्हतीच. आमच्याकडे कोणी हिरवं पान दिसलं म्हणून कडुलिंबाचा डोळा संत्र्याच्या खुंटावर बांधणार नाही, पण तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं, करून पाहिल्याशिवाय कळणार कसं.

त्याच १९८७ मध्ये स्वीडनच्या लुंडमध्ये ओले लिंडवाल आणि अँडर्स ब्योर्कलुंड यांच्या टीमनं दुसरा रस्ता धरला. गर्भपातानंतर मिळालेल्या सहा ते नऊ आठवड्यांच्या गर्भाच्या मध्यमेंदूतला तेवढाच कण घ्यायचा, ज्यात डोपामिनच्या पेशी नुकत्या जन्माला येऊन राहिल्या असतात. इथे वयाचा हिशोब पहिल्यांदा नीट आला. त्याच्या आधीची पेशी अजून ठरलेलीच नसते की मी काय होणार, आणि नंतरची घेतली तर तिला लांब धागे फुटलेले असतात, काढताना ते तुटतात आणि पेशी मरते. कोवळी नाही, जून नाही. मी हे बाबांना सांगितलं तर ते नुसते मान हलवत होते, जसं यात नवीन काय आहे.

काही रुग्णांना याचा खरंच फायदा झाला, काहींचा तर कितीतरी वर्षं टिकला. पण एका माणसासाठी अनेक गर्भ लागायचे, ते एकाच वेळी मिळायला हवे, प्रत्येकाचं वय वेगळं, कण काढणाऱ्याचा हात वेगळा. म्हणजे प्रत्येक कलम वेगळी. गर्भाचा वापर करावा का हा मोठा प्रश्न होताच, आणि ज्या घरात असं काही घडलं असेल त्यांनाच त्याचं वजन कळेल, मी त्यावर पटकन मत देणार नाही.

मग अमेरिकेत ४० रुग्णांवर नीट तुलना करून चाचणी झाली, २००१ मध्ये ती छापून आली. निम्म्यांना पेशी दिल्या, निम्म्यांच्या कवटीला फक्त भोक पाडलं आणि पेशी दिल्या नाहीत, कोणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नाही. हे वाचताना मला फार जड गेलं, त्या माणसांनी काय धीर धरला असेल. निकाल असा की साठच्या आतल्यांना थोडा फायदा, वरच्यांना नाही, आणि पुढे दुसऱ्या गटातल्या काहींनाही पेशी दिल्या, तर अशा पेशी मिळालेल्या एकूण ३३ पैकी ५ जणांना गोळी कमी केली तरी अंग आपोआप पिळवटायचा, वळवळायचा त्रास सुरू झाला. २००३ च्या दुसऱ्या चाचणीत तर असा त्रास निम्म्याहून जास्त लोकांना झाला. सगळं काम थंड पडलं.

हा त्रास कशामुळे, याचं एक कारण नंतर सापडलं आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते. मध्यमेंदूच्या अगदी मागे लागून सेरोटोनिन नावाचं दुसरंच रसायन बनवणाऱ्या पेशी जन्मतात. कण काढताना काप जरासा मागे गेला की त्या सोबत येतात. २०१० मध्ये लंडनच्या संशोधकांनी असा त्रास असलेल्या दोन रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन केले तर लावलेल्या भागात सेरोटोनिनच्या पेशींचं दाट जाळं दिसलं. त्या पेशी डोपामिन आत ओढून घेतात आणि मग भलत्या वेळी, बेहिशोबी सोडतात. आमच्याकडे कलमेच्या सांध्याखालून खुंटाची फूट येते, ती खुडली नाही तर दोन वर्षांत संत्रा मागे आणि जंबेरी पुढे. बाबा सकाळी चालत चालत ती फूट अंगठ्यानं मोडायचे, खाली न पाहता, हाताला सवयच होती. पण मेंदूत एकदा लावलं की खुडायला कोणी जाऊ शकत नाही. जे निवडायचं ते सुई लावायच्या आधीच.

इथून पुढची गोष्ट जपानच्या शिन्या यामानाका यांच्यापासून. २००६ मध्ये त्यांनी उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या साध्या त्वचेच्या पेशीत चार जनुकं घालून तिला पुन्हा अगदी मुळाच्या अवस्थेत नेलं, जिथून ती काहीही होऊ शकते. २०१२ चं नोबेल त्यांना मिळालं. याला आयपीएस पेशी म्हणतात. आता गर्भ शोधायची गरज नाही, एकाच मातृवृक्षावरून लागतील तेवढे डोळे. अमेरिकेत लोरेन्झ स्टुडर आणि लुंडमध्ये मालिन पारमार यांच्या टीमनी भ्रूणाच्या स्टेम सेलपासून हेच काम पुढे नेलं.

पण काहीही होऊ शकते हीच तर भीती. अशी एखादी मूळ पेशी तशीच राहून गेली तर मेंदूत गाठ होऊ शकते. म्हणून प्रयोगशाळेत तिला दिशा द्यावी लागते, ठरलेल्या दिवशी ठरलेलं केमिकल. आधी तिला मेंदूकडे वळवायचं, मग मध्यमेंदूच्या तळाकडे. यातल्या एका केमिकलचा डोस जरा कमी पडला तर पेशी पुढच्या मेंदूची होते, जरा जास्त झाला तर मागच्या मेंदूची, म्हणजे परत तेच सेरोटोनिनचं शेजार. मधली पट्टी फार अरुंद आहे. आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मुलं टायट्रेशनमध्ये एक थेंब जास्त टाकतात आणि रंग निघून जातो, मला तेच डोळ्यासमोर आलं. म्हणून प्रत्येक खेपेला तपासतात की मध्यमेंदूच्या खुणा आहेत का, सेरोटोनिनची खूण दिसते का, मूळ अवस्थेतली एखादी शिल्लक आहे का. क्योटोच्या जुन ताकाहाशी यांच्या टीमनं त्याच्याही पुढे जाऊन पेशींच्या अंगावरचं कोरिन नावाचं एक प्रोटीन पकडलं. मध्यमेंदूच्या तळाच्या पेशींवर ते असते, मग मशीनमधून एकेक पेशी पाठवून कोरिनवाल्या वेगळ्या काढायच्या. अगदी सुपात घेऊन पाखडल्यासारखं, फक्त लाखोंनी.

आणि लावायच्या कुठे, तर जिथे त्या मेल्या तिथे नाही. मोठ्या माणसाच्या मेंदूत इतक्या लांब धागा पाठवणं नव्या पेशीला अवघड, म्हणून सरळ पुटामेनमध्येच, जिथे डोपामिन लागते तिथे. पेशी पूर्ण तयार झालेली नाही, पण डोपामिनवालीच होणार हे नक्की ठरलेली, अशा वयाची लावतात, बाकीची ती तिथे जाऊन मोठी होते. लावलेल्यातल्या थोड्याच शेवटी डोपामिनच्या पेशी होऊन टिकतात, म्हणून लाखांनी लावाव्या लागतात.

क्योटोत २०१८ मध्ये पहिलं ऑपरेशन झालं, एकूण ७ रुग्ण, वय ५० ते ६९. दोन्ही बाजू मिळून काहींना ५० लाखांच्या आसपास पेशी, काहींना एक कोटीच्या आसपास. पेशी दुसऱ्याच्या म्हणून शरीरानं नाकारू नये यासाठी वर्षभराहून जास्त औषध. एप्रिल २०२५ मध्ये नेचर या नियतकालिकात निकाल आला. दोन वर्षांत गाठ नाही, तो पिळवटण्याचा त्रास नाही, आणि ज्या ६ जणांची परिणामासाठी मोजणी झाली त्यातले ४ जण गोळीचा असर नसतानाही आधीपेक्षा बरे हलत होते. त्याच दिवसात अमेरिका-कॅनडातल्या १२ रुग्णांचाही निकाल आला, भ्रूणाच्या स्टेम सेलपासून केलेल्या पेशींचा, तिथेही दीड वर्षात पेशींमुळे कोणताही गंभीर त्रास नाही आणि जास्त डोसवाल्यांना चांगला फरक.

मी हे वाचून रात्री दोन वाजता एकटीच बसून रडले. पण सकाळी परत वाचलं. दोन्हीकडे खोट्या ऑपरेशनचा गट नव्हता, म्हणजे प्रत्येकाला माहीत होतं की आपल्याला पेशी मिळाल्या, आणि पार्किन्सनमध्ये नुसत्या आशेनंही माणूस काही काळ खरंच बरा हलतो. माणसं थोडी होती. तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी, खोट्या ऑपरेशनच्या गटासह, अमेरिकेत आता सुरू झाली आहे.

अजून एक गोष्ट जी मी बाबांना सांगायला दोन दिवस लावले. २००८ मध्ये असं दिसलं की गर्भाच्या पेशी लावलेले काही रुग्ण १०-१५ वर्षांनी वारले तेव्हा लावलेल्या तरण्या पेशींतही पार्किन्सनमध्ये पेशीत साचणाऱ्या प्रोटीनच्या गुठळ्या, लेवी बॉडी म्हणतात त्या, काही ठिकाणी तयार झाल्या होत्या. सगळ्यात नाही, थोड्याच पेशीत, पण होत्या. आजार आजूबाजूनं नव्या पेशीत शिरला असावा. मी सांगितलं आणि थांबले. बाबा म्हणाले, "जमिनीत डिंक्या रोग असन तं नव्या कलमेलेई लागते. तरी दहा-पंधरा वर्ष फळं भेटते न." ते हे ज्या शांतपणे म्हणाले ते मला जमलं नसतं. आणि हेही खरं की या पेशी फक्त हालचालीचं पाहतील. बाबांची बद्धकोष्ठता, गेलेला वास, रात्री झोपेत ओरडणं, हे डोपामिनच्या एका पट्ट्याचं नाहीच, ते यानं जाणार नाही.

आता त्या साडेतीन लाखांचं. चरबीतल्या पेशी मेंदूच्या डोपामिन पेशी होत नाहीत आणि शिरेतून दिल्या तर बहुतेक आधी फुप्फुसातच अडकतात. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या नियमावलीत स्पष्ट आहे की आपल्याकडे स्टेम सेलचा मान्य उपचार फक्त रक्ताच्या काही आजारांसारख्या ठरलेल्या आजारांसाठी आहे, बाकी सगळं चाचणी म्हणूनच, परवानगी घेऊन, सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदवून, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. ज्यांना असा फोन येईल त्यांनी नोंदणी नंबर मागा आणि पेशी कोणती ते विचारा. मी तो नंबर मागितला त्याला आता चार महिने झाले. टोकनसाठी मात्र तीनदा फोन आला. माय अजूनही कधीकधी म्हणते की एकदा करून पाहिलं असतं, आणि मला तिचा राग येत नाही, तिला रात्री बाबांना कुशीवर वळवावं लागते.

सध्या काय केलं तर न्यूरोलॉजिस्टनी गोळीच्या वेळा बदलून दिल्या, दोन गोळ्यांतलं अंतर कमी केलं, आणि गोळी जेवणाच्या तासभर आधी, वरण-दुधासोबत नाही, कारण प्रोटीन तिच्या आड येते. हे एवढं साधं आम्हाला सहा वर्षांत कोणी नीट बसवून सांगितलं नव्हतं. आता सकाळी साडेनऊ ते अकरा बाबा बऱ्यापैकी चालतात, आणि तो वेळ आम्ही नर्सरीसाठीच ठेवला आहे. डोळा बांधता येत नाही, पट्टी बोटातून सुटते. पण निवडून देतात. यंदा बांधायला मी बसले, बाबा डाव्या हातानं काडी पुढे करतात, आणि कुठून डोळा काढायचा ते अंगठ्याच्या नखानं दाखवतात, वरचे दोन सोडायचे, खालचा एक सोडायचा, मधले घ्यायचे.

परवा पट्टी बांधता बांधता त्यांनी मधेच विचारलं, "ते जपानवाल्याईनं सात झाडं लावले म्हनत होती न तू?"

"हो बाबा. सात."

"मले दरवर्षी सांगत जा बाई, कसे हायेत ते."